आफ्रिकेतील इरोको : सागाचे नाव, फणसाचे कूळ

शाळागृहाच्या दारे-खिडक्यांसाठी अथवा ग्रामपंचायतीच्या सभागृहासाठी दरपत्रके मागविली, की त्यांत 'आफ्रिकन टीक' हा शब्द अनेकदा आढळतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर आपल्या लाकूडबाजाराची दृष्टी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे अधिक वळली. परंतु 'आफ्रिकन टीक' हे कोणत्याही एका लाकडाचे नाव नव्हे. घाना, नायजेरिया, टांझानिया आदी देशांत लागवड करून वाढविलेला अस्सल साग या नावाने विकला जातो. अफ्रोर्मोशिया नावाच्या एका शिंबाधारी वृक्षाचे लाकूडही याच नावाने ओळखले जाते. आणि इरोको हा तर या नावाचा फार जुना मानकरी आहे. या तिन्ही लाकडांचे गुणधर्म भिन्न आहेत. त्यांपैकी इरोकोचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. हे लाकूड वाईट नाही. ते साग नाही, एवढेच.

वनस्पतिशास्त्रात या वृक्षाला 'मिलिशिया एक्सेल्सा' म्हणतात. जुन्या ग्रंथांत 'क्लोरोफोरा एक्सेल्सा' हे नाव सापडेल. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पूर्वेस केनिया, टांझानियापर्यंत आणि दक्षिणेस अंगोला, मोझांबिकपर्यंत त्याचा विस्तार आहे. 'इरोको' हा शब्द नायजेरियातील योरुबा भाषेतला. घानामध्ये त्याला 'ओडुम' म्हणतात, तर पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत 'म्वुले'. पूर्ण वाढलेला वृक्ष ५० मीटरपर्यंत उंच जातो. त्याचे खोड सरळसोट असून वीस-वीस मीटरपर्यंत त्याला फांदी फुटत नाही. करवतीच्या गिरणीला यापरते काय हवे!

वड, पिंपळ, उंबर, तुती आणि फणस यांचे जे कूळ, तेच इरोकोचे. साल कापली की फणसासारखाच पांढरा चीक निघतो. ताजे चिरलेले लाकूड पिवळसर असते आणि उजेड व हवा लागताच ते सोनेरी, पुढे गडद तपकिरी होते. फणसाच्या पाटावर हाच रंगबदल आपल्या कोकणातील घराघरांत पाहावयास मिळतो. साग मात्र नव्या वर्गीकरणानुसार तुळशीच्या कुळात मोडतो. म्हणजे साग आणि इरोको यांचे नाते केवळ बाजाराने जोडलेले आहे. योरुबा लोकांच्या समजुतीप्रमाणे इरोकोत आत्मा वसतो आणि विधी केल्याशिवाय या झाडाला कुऱ्हाड लावू नये. आपल्या पिंपळावरचा मुंजा आणि हा आत्मा एकाच वृक्षकुळाच्या आश्रयाला यावेत, हा योगायोग गमतीचा खराच.

या वृक्षाच्या पोटात दगड असतात, असे सांगितले तर प्रथमतः विश्वास बसणार नाही. ती अतिशयोक्ती नव्हे. इरोकोच्या खोडात ठिकठिकाणी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे कठीण खडे तयार होतात. सुतारांच्या दृष्टीने हा दोष असला, तरी शास्त्रज्ञांना त्यात मोठे कुतूहल वाटले. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी आयव्हरी कोस्टमधील इरोको वृक्षांचा अभ्यास करून २००४ मध्ये त्याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. हा वृक्ष हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन कॅल्शियम ऑक्झलेट नावाचे क्षार बनवितो. जमिनीतील व कुजणाऱ्या लाकडातील बुरशी आणि जीवाणू त्या क्षारांचे विघटन करतात आणि त्यातून शेवटी चुनखडी साचते. त्या प्रदेशातील माती स्वभावतः आम्लधर्मी असते. परंतु जुन्या इरोकोच्या मुळांभोवतीची माती आम्लारीधर्मी झालेली आढळते. हवेतील कार्बन अशा रीतीने दगडाच्या रूपाने जमिनीत दीर्घकाळ अडकून राहतो. विज्ञानाच्या शिक्षकांना कार्बनचक्र शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता प्रत्यक्ष लाकडाकडे वळू. वाळलेल्या इरोकोचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम, म्हणजे जवळपास सागाइतकेच भरते. ते फारसे आकसत नाही, सुकताना वाकत वा तडकत नाही आणि एकदा नीट सुकले की पावसाळा-उन्हाळ्यातही आपला आकार टिकवून धरते. दाराची चौकट व खिडकीची तावदाने यांना हाच गुण प्रथम लागतो. गाभ्याच्या लाकडात निसर्गतःच क्लोरोफोरिनसारखी बुरशीनाशक द्रव्ये असतात. त्यामुळे ते उघड्यावरही चांगले टिकते. सालीलगतच्या पांढुरक्या थराला मात्र हे संरक्षण लाभलेले नाही. त्याला भुंगेरे पोखरतात. तो पट्टा काढून टाकला नसेल, तर गाभ्याच्या टिकाऊपणाचा लाभ आपल्याला कसा मिळणार?

बळाच्या बाबतीत इरोको सागाच्या किंचित मागे आहे. त्याचा ताठरपणा, म्हणजे भाराखाली न वाकण्याचा गुण, सागाच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरतो. दारे, खिडक्या, बाके आणि कपाटे यांत हा फरक जाणवत नाही. लांब गाळ्याच्या तुळईसाठी मात्र सागाच्या हिशेबाने ठरविलेली जाडी इरोकोला जशीच्या तशी लावू नये. ती अभियंत्याकडून नव्याने काढून घ्यावी.

सुतारकामास हे लाकूड एरवी अनुकूल आहे. खिळे व स्क्रू ते घट्ट धरते, सरसही चांगला बसतो. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने रंधा मारताना काही जागी तंतू उखडतात. तेथे पाते धारदार ठेवून हलका हात लागतो. रंध्रे मोठी असल्याने पॉलिशपूर्वी ती भरून घ्यावी लागतात. खडे कोठे दडले आहेत हे वरून दिसत नाही, पण आजूबाजूचे लाकूड अधिक गडद दिसले की जाणता सुतार सावध होतो. करवत खड्यावर गेली तर दातेच बोथटतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भुसा. इरोकोच्या बारीक भुशाने कित्येकांच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, नाक-डोळे चुरचुरतात, आणि दम्याचा त्रासही होऊ शकतो. म्हणून शाळेत बाके घडवावयाची असतील तर ते काम वर्ग चालू असताना व्हरांड्यात करू नये आणि कारागिरांना मुखपट्टी अवश्य द्यावी.

इंग्लंडमधील शाळांच्या प्रयोगशाळांतून इरोकोच्या फळ्यांची टेबले एके काळी सर्रास असत. पाणी आणि रोजची घासपूस सोसून त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या पाहिल्या. नौकाबांधणी, बागेतील बाके, जमिनीच्या लाद्या आणि बंदरातील कामे यांतही त्याचा वापर आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर म्वुलेच्या फळ्यांतून गलबते बांधण्याची परंपरा जुनी आहे.

असे लाकूड भरपूर लावून का वाढवीत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. तसे प्रयत्न झाले, पण फायटोलायमा नावाच्या एका चिमुकल्या कीटकाने ते हाणून पाडले. तो कोवळ्या पानांवर व शेंड्यावर गाठी उठवितो, शेंडा कुजतो आणि रोपटे खुंटते. एकाच जातीची रोपे दाटीने लावली की या कीटकाचे फावते. घानातील कुमासी येथील वनसंशोधन संस्थेत या किडीला दाद न देणाऱ्या वाणांचा शोध घेतला गेला आहे. तथापि बाजारात येणारा इरोको आजही प्रायः नैसर्गिक जंगलातून तोडलेला असतो. त्या जंगलात त्याचे बी दूरवर नेण्याचे काम फळे खाणारी वटवाघुळे करतात. जो वृक्ष तयार होण्यास कित्येक दशके लागतात आणि ज्याची लागवड साधत नाही, त्याची बरोबरी शेतात वाढविलेल्या सागाशी करणे योग्य नव्हे.

खरेदीच्या वेळी ओळख पटविण्यास फार साधने लागत नाहीत. ताज्या रंधलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो व हाताला किंचित तेलकटपणा लागतो. इरोकोला ही दोन्ही लक्षणे नाहीत. फळीचे टोक धारदार पटाशीने साफ तासून साध्या भिंगाखाली धरावे. सागात मोठ्या रंध्रांची वर्तुळे वर्षागणिक स्पष्ट उमटलेली दिसतात, इरोकोत रंध्रे सर्वत्र विखुरलेली असतात. मागणीपत्रात 'आफ्रिकन टीक' असे मोघम न लिहिता साग हवा असल्यास 'टेक्टोना ग्रँडिस', इरोको हवा असल्यास 'मिलिशिया एक्सेल्सा' असे शास्त्रीय नाव लिहावे, आणि त्यापुढे 'सालीलगतचा पांढरा भाग वगळून, सुकविलेले' हे शब्द घालावेत. माल आल्यावर तो उतरवून घेण्यापूर्वी भिंग आणि पटाशी घेऊन एक-दोन फळ्यांची टोके पाहावीत. त्याला दहा मिनिटे पुरतात.