कोलोस्टोमीनंतर पुन्हा पेढीवर

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात काही वेळा आतड्याचे टोक पोटावर काढून तेथे पिशवी लावतात, हीच कोलोस्टोमी. सटाण्यासारख्या गावात असा गृहस्थ पेढीवर येणे सोडतो, पंगत टाळतो. भीती एकच, वासाची. वस्तुतः नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. ती एक तृतीयांश भरताच रिकामी करावी, भोवतालची त्वचा साध्या कोमट पाण्याने धुवावी. घरच्यांनीही त्यांचे ताट वेगळे मांडू नये. पहिले ६ ते ८ आठवडे कांद्याची गोणी उचलणे वर्ज्य. हर्नियाचा धोका असतो. उपवास वा चौविहार शल्यविशारदांना विचारूनच करावा. पिशव्यांचा मासिक खर्च घरखर्चात आधीच धरावा, बँकेतल्या माणसाची सवय म्हणा हवे तर! मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया अशा रुग्णांना मार्गदर्शन करते.