भ्यालेले कुत्रे आणि परसाची भिंत



संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत येऊन कुत्र्यावर बोलणार, हे फलकावर वाचून काही जण हसले, ते माझ्या कानावर आले. हसण्यासारखेच आहे. पण आपल्या चिखलीत परसात कुत्रे पाळलेली घरे थोडीथोडकी नाहीत, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यातले एखादे भिंत ओलांडून नाहीसे होते. ते कुठे तरी मोटारीखाली येते, नाही तर भेदरलेल्या अवस्थेत एखाद्या पोराला चावते. म्हणून हा विषय घेतला. दुसरेही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका हमाल बांधवाचे कुत्रे असे पळू लागले. त्याने मला विचारले आणि मी मोठ्या शहाणपणाने सल्ला दिला, की भिंतीजवळच्या कड्याला साखळीने बांधून टाक. दिवाळीत बार उडू लागले तेव्हा त्या कुत्र्याने भिंतीवर झेप घेतली. साखळी पलीकडच्या जमिनीला पाय टेकतील इतकी लांब नव्हती. सकाळी ते भिंतीच्या त्या अंगाला लोंबकळत असलेले सापडले. त्या बांधवाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलो, पशुवैद्यांना विचारत आलो. शाळा माझी लवकर सुटली, त्यामुळे विचारण्याची लाज मला कधीच नव्हती.

मजूर फाटकाबाहेर पडले की मालक आधी फाटक उंच करतो आणि ते का पडले हे मागाहून विचारतो. कुत्र्याच्या बाबतीत मीही मालकाचीच रीत चालवली होती. कुत्रे सगळे एकाच कारणाने पळत नाही. नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने जातो. त्याला खच्ची करून घेतल्याने हे भटकणे पुष्कळ कमी होते. तरणे कुत्रे दिवसभर काही उद्योग नसल्याने जाते. त्याला सकाळ-संध्याकाळ चांगले फिरवून आणले की निम्मे काम भागते. पण आवाजाला किंवा एकटेपणाला भिऊन पळणारे कुत्रे निराळे. ते कुठे जायचे म्हणून पळत नाही, इथून सुटायचे म्हणून पळते. ते नखे मोडून घेईल, दात पाडून घेईल, पण थांबणार नाही. दार कुरतडलेले, जमिनीवर लाळेचे ओघळ आणि हे सगळे तुम्ही घराबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात झालेले, असे दिसले तर तो खोडसाळपणा समजू नका. ती भीती आहे.

माणसाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला जो बार दोन गल्ल्या पलीकडे वाटतो तो त्याच्या कानाशीच असतो. शिवाय भीती अंगात किती खोल मुरते याचा एक दाखला आहे. रशियातले शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे नाव, घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते या प्रयोगामुळे, पुष्कळांनी ऐकले असेल. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. नंतर पाहतात तो काही कुत्री शिकलेले सारे विसरून गेलेली. त्यातले एक पुढे सुधारले. पण दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच पुन्हा बिघडले. नुसती धार! तेव्हा फटाक्यांत पोळलेले कुत्रे लग्नाच्या वरातीतल्या ढोलाने का थरथरते याचे नवल करू नये.

आता परसाकडे वळू. आपल्याकडे भिंत असते चार-साडेचार फूट आणि तिला लागूनच सरपणाची रास, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी. म्हणजे आपणच जिना बांधून दिला. ते सारे आधी भिंतीपासून दूर न्या. मध्यम उंचीच्या गावठी कुत्र्याला साधारण सहा फूट आडोसा लागतो, आणि चढणाऱ्या कुत्र्याला तोही पुरत नाही. त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर फूट-दीड फूट जाळी आतल्या बाजूला कलती बसवावी. चढून आलेल्याच्या डोक्यावर ती छतासारखी येते. काचा किंवा काटेरी तार लावू नका. भ्यालेले कुत्रे ती मोजत नाही, फक्त फाटून घेते.

कुंपण तारेचे असेल तर त्याला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड बांधावा. खर्च जवळजवळ नाही, आणि बाहेरची ये-जा दिसेनाशी झाली की कुत्र्याची निम्मी धावपळ थांबते. मात्र कुडाखालून उकरायला त्याला वेळ लागत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. कुंपणाचे खांब हलतात आणि खाली फटी पडतात. म्हणून भिंतीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरा, तिची एक कड कुंपणाला बांधा आणि वर माती-दगड घाला. कुत्रे उकरते ते नेमके बुडाशी, तिथेच पंजाला जाळी लागते. फाटक हा सगळ्यात कच्चा दुवा. दूधवाल्याने दार उघडले की पायांतून निसटते. फाटकाच्या आत चार पावलांवर दुसरे झोपाटे असावे. एक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही.

साखळीबद्दल आता मी हात राखून बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणारा कायदा १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेली खटपट प्रसिद्ध आहे. त्या कायद्यात अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. हे पुष्कळांना माहीतच नसते. थोडा वेळ बांधावेच लागले तर गळ्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधा, भिंत, कठडा, विहीर यांपासून दूर बांधा, आणि समोर माणूस असू द्या.

याहून मोठी गोष्ट आसऱ्याची. भ्यालेल्या जिवाला लपायला जागा हवी. पत्र्याची पडवी चालत नाही. बार वाजला की पत्रा दणाणतो आणि वैशाखात तो भट्टी होतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच थंड होते. घरातली आतली खोली, बाजेखालची अंधारी जागा, जुने गोणपाट, पाणी एवढे पुरे. दिवाळीत उजेडीच फिरवून आणा, लवकर खाऊ घाला आणि अंधार पडण्यापूर्वी आत घ्या. परसात ठेवूच नका. भीती फारच असेल तर पशुवैद्याकडून औषध मिळते, पण ते आधी विचारून ठेवावे लागते. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका.

एकटे राहण्याची सवय हळूहळू लावता येते. दोन मिनिटे बाहेर जा, ते घाबरण्याआधी परत या. मग पाच, मग दहा. घाई केली तर पहिल्यापासून सुरुवात. आमच्या संपांपेक्षा याला चिकाटी जास्त लागते, हे अनुभवाने सांगतो.

एवढे करूनही पळालेच, तर परत आल्यावर मारू नका. पळाल्याबद्दल मारले हे त्याला कळत नाही. घरी आलो म्हणून मारले, एवढेच कळते. पट्ट्यावर दूरध्वनीचा क्रमांक ठेवा. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यापासून टोचून पशुवैद्य सांगतील तशी पुन्हा पुन्हा टोचत जा. परसातल्या कुत्र्यालाही, कारण परसातले कधी रस्त्यावरचे होईल याचा नेम नाही.

त्या हमाल बांधवाकडे आता दुसरे कुत्रे आहे, तांबूस, कान पडलेले. गेल्या लक्ष्मीपूजनाला मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. ते धान्याच्या खोलीत बाजेखाली शिरले, तोंड गोणपाटात खुपसून थरथरत राहिले, भाकरीला शिवले नाही. मध्यरात्रीनंतर केव्हा तरी आवाज थांबले. मग ते बाहेर आले, आधी पाणी प्याले आणि थंड झालेली भाकरी खाऊन उंबऱ्यात निजले.