पोटाचा घेर आणि हृदयावरचा भार

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. गेल्या हंगामात आमच्या गटातले एक सभासद वजनकाट्यावर ट्रॅक्टर लावून उभे असताना छातीत कळ येऊन खाली बसले. वय अवघे पंचेचाळीस. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचले. "साहेब, मला विडीकाडीचं व्यसन नाही, मग हे कसं?" असं ते विचारत होते. डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं.

पोटात आतड्यांभोवती साठलेली चरबी गप्प बसत नाही. ती रक्तात सारखी द्रव्ये सोडते. त्याने शरीरात मंद दाह राहतो, इन्शुलिनचा असर कमी होतो, रक्तातली साखर व चरबी वाढते आणि रक्तदाब चढतो.

रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते. या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वरच्या माऱ्याने हे अस्तर बिघडते. पाटात गाळ वरून बसतो. इथे कोलेस्टेरॉल अस्तराखाली, भिंतीतच शिरते आणि गाठ धरते. ती गाठ फुटली की रक्त गोठते, हृदयाचा पुरवठा तुटतो. हाच हार्ट अटॅक.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पाच हजारांवर लोकांची पाहणी चालली. २६ वर्षांच्या नोंदींवरून १९८३ साली दिसले, की रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे कारणे बाजूला काढली तरी लठ्ठपणा स्वतःच हृदयरोगाचा धोका वाढवतो.

"मी कुठं जाडा आहे?" असे कोणी म्हणेल. पण आपल्या लोकांचे हातपाय किडकिडीत असले तरी पोटात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या डॉ. याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. म्हणून टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सावध व्हा.

आता अवघड बोलतो. आपण साखर पिकवतो, पण सगळी आपणच खायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा साधारण माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास येते. दोन चमच्यांचे सहा कप चहा झाले की ती संपली. गूळही त्यातच धरायचा.

८० किलोच्या माणसाने चार-पाच किलो जरी उतरवले तरी रक्तदाब व साखरेत फरक पडतो. मोटारसायकल बांधावर ठेवा आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

लागणीआधी आपण मातीपरीक्षण करून घेतो. तसेच वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्त तपासून घ्या. खोडवा पुन्हा राखता येतो, हृदय एकदाच मिळते.

आपला,
ऊस विकास अधिकारी