जाळे कधी कुजावे?

मी सध्या चेन्नईच्या मैलापूर भागात राहतो. कपालीश्वराच्या मंदिराकडून पूर्वेला चालत गेले की सांथोमचे चर्च लागते आणि त्याच्या पाठीमागे समुद्र. त्या किनाऱ्यावर नोचिकुप्पम नावाची मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. फायबरच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या सावलीत बसून माणसे जाळी विणत, सांधत असतात. ही जाळी पारदर्शक नायलॉनच्या एकेरी तंतूची असतात. वरच्या कडेला तरंगणारे बोये आणि खालच्या कडेला वजने लावली की जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मासा त्यात डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. या जाळ्याला गिलनेट म्हणतात.

असे जाळे वादळात तुटले, खडकात अडकले किंवा एखाद्या ट्रॉलरने ओढून नेले, तर पुढे काय होते? मालक परत येतो, पण जाळे काम थांबवत नाही. त्यात मासे अडकतात, मरतात. त्यांना खायला खेकडे येतात आणि तेही अडकतात. हवेत श्वास घेणाऱ्या कासवाला तर असे जाळे म्हणजे बुडून मरणच. मालकाविना चालू राहिलेल्या या मासेमारीला घोस्ट फिशिंग म्हणतात. नायलॉन समुद्रात कुजत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू शकते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात देशांतल्या ४५० मच्छीमारांच्या मुलाखतींवरून अंदाज काढला गेला. जगात दरवर्षी मासेमारीच्या साधनांपैकी सुमारे २ टक्के साधने समुद्रात हरवतात. त्यात एकट्या गिलनेटचे क्षेत्रफळ जवळजवळ ३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाचपट भरते.

सैनिकी शाळेत शिकणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. युद्ध संपले तरी जमिनीतला सुरुंग शत्रू-मित्र न पाहता फुटतो. म्हणूनच १९९६ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, जी भारतानेही स्वीकारली आहे, दुरून टाकल्या जाणाऱ्या माणसांविरुद्धच्या सुरुंगांसाठी अट आहे. दहापैकी किमान नऊ सुरुंग ३० दिवसांत आपोआप नष्ट झाले पाहिजेत आणि १२० दिवसांनंतर हजारात एकाहून अधिक सुरुंग जिवंत राहता कामा नये. जाळ्यालाही अशीच मुदत घालता येईल का?

खरे तर जुन्या जाळ्यांना ती मुदत आपोआप होती. आपल्या कोकणातली कोळ्यांची जाळी पूर्वी सुताची आणि तागाची असत. ती लवकर कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, वरचेवर वाळवावी लागत. हरवलेले जाळे समुद्र पचवून टाकत असे. नायलॉन आले आणि ही मेहनत संपली. जाळे हलके झाले, मजबूत झाले, पाण्यात दिसेनासे झाले आणि मासळी वाढली. त्याचा टिकाऊपणा हाच मोठा गुण होता आणि हरवल्यावर तोच दोष ठरला.

आता मजबुती आणि कुजणे या दोन्ही गोष्टी एकाच तंतूत आणण्याचा प्रयत्न चालू आहे. दक्षिण कोरियात त्यासाठी पीबीएस आणि पीबीएटी या दोन प्लास्टिकांचे ८२ आणि १८ टक्के मिश्रण वापरले गेले. त्यांच्या रेणूंच्या साखळीतले जोड पाणी आणि सूक्ष्मजीव तोडू शकतात, तर नायलॉनचे जोड त्यांना सहज तुटत नाहीत. कोरियातल्या चाचणीत हा तंतू समुद्रात २४ महिन्यांनंतर कुजू लागला. तिथल्या यलो क्रोकर माशाच्या मासेमारीत तो नायलॉनच्या जवळपास बरोबरीने चालला.

नॉर्वेत मात्र निकाल वेगळा लागला. कॉड माशांच्या व्यावसायिक मासेमारीत दोन्ही प्रकारच्या जाळ्यांची तुलना झाली, तेव्हा कुजणाऱ्या जाळ्यांत सुमारे २० टक्के मासे कमी मिळाले. त्याच जाडीचा नवा तंतू नायलॉनपेक्षा कमी ताण सोसतो. मजबुतीसाठी तो जाड केला, तर जाळे ताठ होते आणि माशाला दिसू लागते. गिलनेटचे सारे यश तर मऊपणावर आणि न दिसण्यावर अवलंबून असते.

२० टक्के हा आकडा कागदावर लहान वाटतो. किनाऱ्यावर तो किती मोठा होतो ते हिशेबाने पाहा. समजा, एका होडीने दिवसाला ५,००० रुपयांची मासळी आणली आणि इंधन, बर्फ, मजुरी यांवर ४,००० रुपये गेले. हाती राहिले १,०००. आता मासळी २० टक्के कमी आली तर विक्री ४,००० रुपयांची होते, पण खर्च तेवढाच राहतो. हाती शून्य! समुद्रावर प्रेम असूनही कोणता मच्छीमार असे जाळे विकत घेईल?

त्याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे. सुरुंगाचे काम ठरावीक दिवसांत संपते. जाळ्याकडून मात्र मालकाला जास्तीत जास्त दिवस काम हवे असते. आणि आपण हरवलो आहोत हे तंतूला कळत नाही. पाण्यात पडल्यापासून त्याची झीज सुरू होते, मग जाळे मालकाच्या हातात असो वा तळाशी. लवकर कुजले तर मच्छीमाराचे नुकसान, उशिरा कुजले तर समुद्राचे. त्यातच तापमानाची भर पडते. सूक्ष्मजीवांचे काम थंड पाण्यात मंद आणि उबदार पाण्यात जलद चालते. त्यामुळे नॉर्वेचे किंवा कोरियाचे गणित बंगालच्या उपसागराला जसेच्या तसे लावता येणार नाही. इथली मुदत इथल्या पाण्यातच मोजावी लागेल.

मग तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. पहिला मार्ग म्हणजे सगळे जाळे न बदलता एखादाच भाग कुजणारा ठेवणे. अमेरिकेत अलास्का आणि वॉशिंग्टन राज्यांत खेकड्यांच्या पिंजऱ्याची खिडकी सुती दोऱ्याने बांधण्याचा नियम आहे. पिंजरा हरवला की दोरा कुजतो, खिडकी उघडते आणि खेकडे सुटतात. गिलनेटचे बोये अशा दोऱ्याने बांधले, तर हरवलेली भिंत निदान आडवी पडेल.

दुसरा मार्ग जाळे समुद्रात जाऊच न देण्याचा. तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या कासिमेडू बंदरात मच्छीमारांकडून टाकाऊ जाळी विकत घेण्याचा उपक्रम सुरू केला आहे. जुन्या जाळ्याला पैसे मिळत असतील, तर ते समुद्रात कोण टाकेल?

तिसरा मार्ग म्हणजे तोटा वाटून घेणे. कोरियात सरकार कुजणाऱ्या जाळ्यांसाठी अनुदान देते. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी एक वाट आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. समुद्र सर्वांचा असेल, तर त्याच्या रक्षणाचा खर्च एकट्या होडीवाल्यावर टाकू नये, हे तत्त्व आपण मान्य केलेलेच आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या नौदलात किंवा तटरक्षक दलात जाईल, कोणी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. नवे साधन तुमच्यासमोर आले की दोन प्रश्न विचारा: हे काम किती चांगले करते, आणि काम संपल्यावर याचे काय होते? जाळ्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोचिकुप्पमचा कोणीही मच्छीमार देईल. दुसऱ्याचे उत्तर अजून शोधायचे आहे, आणि ते असे हवे की त्याच मच्छीमाराला परवडेल.