सोन्याच्या शेजारचा खडक काय सांगतो?

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, तेव्हा त्या जमिनीखाली तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण मात्र आजही सुरू आहे. एवढ्या खोलवर सोने नेमके कोठे आहे, हे ठरवायचे कसे? त्याचे उत्तर बहुधा सोन्याच्या शेजारच्या, रंगरूप पालटलेल्या खडकात मिळते.

पृथ्वीच्या कवचात टनामागे सोने असते अवघे काही मिलिग्रॅम. खाण परवडायची तर ते काही ग्रॅम, म्हणजे सुमारे हजारपट असावे लागते. हे काम गरम पाण्याने केले. अडीचशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, काही शे अंश सेल्सिअस तापलेले पाणी खोल भेगांमधून वर चढले. त्यातील गंधकाशी जोडले जाऊन सोने विरघळले होते. लोहयुक्त खडक भेटताच गंधकाचा लोहाशी संयोग होऊन पायराइटसारखी खनिजे तयार झाली आणि आधार सुटलेले सोने तेथेच साचले.

या पाण्याने भोवतालचा खडकही बदलला. त्यात पोटॅशियम, गंधक, कार्बन डायऑक्साइड आणि आर्सेनिक यांची भर पडली. टायटॅनियम व ॲल्युमिनियम मात्र सहसा जागा सोडत नाहीत. त्यांना आधार मानून मूळ आणि बदललेल्या खडकाची तुलना केली की, कोणते मूलद्रव्य किती आले वा गेले याचा हिशेब मांडता येतो. सोन्याची शीर अरुंद असते. हा बदललेला पट्टा तिच्याहून बराच रुंद. त्यामुळे विंधनछिद्र शिरेला चुकले, तरी वर आलेला खडक ती जवळच असल्याचे सुचवू शकतो.

हाच हिशेब आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. हट्टीच्या खनिजात आर्सेनोपायराइट आढळते. असा खडक हवा-पाण्याच्या संपर्कात आला की त्यातील आर्सेनिक मोकळे होऊ शकते. रायचूर आणि यादगीर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात आर्सेनिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. पाण्याला रंग, वास वा चव येत नसल्याने तपासणीशिवाय ते कळत नाही. म्हणूनच सोन्याच्या शोधासाठी केलेले खडकांचे रासायनिक नकाशे, कोणत्या गावांतील विहिरी आधी तपासाव्यात हे ठरवण्यासाठीही वापरायला हवेत.