नळीच्या पोटावरची कुंडली

इंग्लंडमधल्या एखाद्या लिलावात जुनी शिकारी दुनळी रायफल हाती लागली, की नवखा माणूस आधी कारागिराचं नाव शोधतो. जाणकार मात्र नळ्या दस्त्यापासून सोडवतो आणि उलट्या धरतो. एरवी कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या त्या पोटावर रायफलची कुंडली ठोकलेली असते.

मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ अशी इवलीशी अक्षरं दिसली, तर ती नळी १९०४ नंतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये तपासलेली. हे परीक्षागृह १८१३ साली कायद्याने उभं राहिलं आणि आजही चालू आहे. परीक्षा साधी आणि निर्दय: नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरायचा आणि उडवायचा. फुटली तर भंगार, टिकली तर ठसा.

जवळच कधी ‘कॉर्डाइट ७०-४८० मॅक्स’ अशी ओळ सापडते. अर्थ असा, की ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी, त्याहून जास्त नको. म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम दारू एकतीस ग्रॅमची गोळी हत्तीच्या अंगात घुसवणार! हा बार .४५० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाचा. बंदूकवाल्या जॉन रिग्बीने ते १८९८ मध्ये आणलं, तेव्हा ही ओळ त्याआधी ठोकलेली असणं शक्यच नाही.

इथे आपला देश गोष्टीत शिरतो. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० इंच व्यासाच्याच होत्या. त्या बंडखोरांच्या हाती पडल्या तर त्यांना दारूगोळा मिळू नये, म्हणून इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये या व्यासाची आयात बंद केली. लंडनचे बंदूकवाले हात चोळत बसले नाहीत; .४६५, .४७० असे जवळचे व्यास पुढे आले. त्यातला .४७० आफ्रिकेत आजही चालतो. सरकारच्या धास्तीतून शिकारीची काडतुसं जन्मावीत, हे मला अजून गमतीचं वाटतं.

आता दुरुस्ती. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्यावरचा खळगा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने फुगून वर येतो. मग जवसाच्या तेलाचे हात, अगदी पातळ, दिवसांच्या अंतराने.

नळ्यांचा काळा रंग ही खरी जादू. तो रंग नव्हेच, तो गंज! स्वच्छ लोखंडावर सौम्य आम्लाचं द्रावण पुसून दमट जागी ठेवायचं. तांबूस गंज धरला की नळी उकळत्या पाण्यात सोडायची. काही मिनिटांत तो तांबूस थर मखमलीसारखा काळा होतो, कारण गंजाचं मॅग्नेटाइट बनतं. सुटी भुकटी तारेच्या मऊ लोकरीने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीला काळेपणा थोडा गडद होतो. आजच्या कारखान्यांतली गरम क्षारांची रीत कितीतरी झटपट आहे, पण दुनळीला ती वर्ज्य. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या दूरवर एकाच जागी लागाव्यात, अशा बेताने त्या झाळून जोडलेल्या असतात आणि ते क्षार नेमकी ती झाळच खातात.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पॉलिश पेपर. चकचकीत करण्याच्या हौसेपायी ठसे पुसट झाले, की रायफलची ओळखही गेली आणि किंमतही. आपल्याकडे आजोबांची बंदूकसुद्धा परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. पण परवाना असेल आणि दुरुस्तीला द्यायची असेल, तर आधी नळीच्या पोटाचे फोटो काढून ठेवा.