विमानाचा तास आणि घरचा सूर्यास्त

जळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३५५ किलोमीटर. लोहमार्गाने तेच ४२० भरते. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये विमानसेवा सुरू झाली, पुढे खंडित होत-जुळत राहिली. आकाशातील प्रवास तासा-सव्वातासाचा.

धुळ्याच्या व्यापाऱ्याचा हिशेब मात्र निराळा. गोंदूरला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. म्हणून आधी नव्वदेक किलोमीटर जळगाव गाठायचे, तेही मुंबईकडे पाठ करून! वर विमानतळावरील प्रतीक्षा. त्यापेक्षा नाशिकमार्गे ३२० किलोमीटरचा महामार्ग पुष्कळांना सोयीचा वाटल्यास नवल नाही.

चौविहार पाळणाऱ्याने परतीचे तिकीट काढताना विमान उतरण्याची नव्हे, घरी पोहोचण्याची वेळ पाहावी. डिसेंबरात खानदेशात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो.